वेळास आणि निघोज: एका फेरीत सह्याद्रीच्या दोन्ही बाजू

मी भूगोल शिकवते. पाऊस सह्याद्रीच्या एका अंगाला कोसळतो आणि दुसऱ्या अंगाला हात आखडता घेतो, हे फळ्यावर कितीही वेळा काढलं तरी मुलांच्या मनात उतरत नाही. म्हणून ओळखीचं कुणी विचारलं की मी पुण्याहून चार दिवसांची ही फेरी सुचवते. मार्च महिना धरा: तेव्हा कोकण किनाऱ्यावरच्या वेळासला कासवांची पिल्लं निघतात आणि घाटापलीकडच्या निघोजला नदी आटून खडक उघडा पडलेला असतो.

आधी वेळास. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं हे गाव. इथे दोन मुक्काम ठेवाच. पहिल्या खेपेला मी एकच रात्र राहिले आणि एकही पिल्लू न बघता परतले. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी वाळूत खड्डा करून साधारण शंभरेक अंडी घालते, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही. घरट्यावर ठेवलेली टोपली सकाळी आणि संध्याकाळी उचलतात, म्हणजे दोन मुक्कामांत तीन-चार संधी मिळतात. पिल्लू उजेडाकडे चालतं, त्यामुळे फ्लॅश आणि बॅटरी बंद ठेवा, दोरीच्या मागे उभे राहा आणि कृपा करून त्याला उचलून पाण्यात सोडू नका. तेवढी वाळू त्याने स्वतः तुडवायची असते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे काम सुरू केलं. पूर्वी अंडी खाण्यासाठी उकरली जायची. आता गावच घरटी राखतं.

राहायचं गावातल्या घरीच. खोली आधी सांगून ठेवा, रोख पैसे जवळ असू द्या आणि जेवायला जे शिजेल ते आनंदाने घ्या. दुपारी बाणकोटच्या किल्ल्यावर चढून सावित्री समुद्राला मिळते ती जागा बघा. परतताना घरं न्याहाळा: जांभ्याचे चिरे, उतरती कौलं, पुढे पडवी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलायचा तर छप्पर असंच हवं.

मग घाट चढून पुण्यात एक रात्र थांबा आणि शिरूरमार्गे निघोज गाठा. हे गाव पारनेर तालुक्यात. इथे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. जुन्या घरांची धाबी सपाट, भिंती काळ्या दगडाच्या, ताटात बाजरीची भाकरी. वेळासच्या भाताची आठवण ताजी असतानाच ती खावी, म्हणजे फरक पोटाला कळतो.

कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे उन्हं चढायच्या आत बघा. भोवऱ्यात सापडलेले गोटे बेसॉल्टवर गरगर फिरत राहिले आणि खडक रांजणासारखा कोरला गेला. काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून दिसतात. तिथे मी नेहमी बराच वेळ बसते. नदीचं हत्यार आणि तिचं काम एकाच जागी असं क्वचित बघायला मिळतं. तळ्यांसारखं साचलेलं पाणी खोल असतं आणि गुळगुळीत कडेवरून पाय सटकतो, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. वर धरणं आहेत. आवर्तन, म्हणजे धरणाचं पाणी, सुटणार आहे का, हे गावात विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. काठावर मळगंगेचं देऊळ आहे. देवीची यात्रा चैत्रात भरते, तेव्हा गर्दी प्रचंड असते. खडक निवांत बघायचे असतील तर यात्रेचे दिवस टाळा.

निघण्याआधी मुलांना एक प्रश्न घाला: दोन्ही नद्या सह्याद्रीतच उगम पावतात, मग सावित्री अरबी समुद्रात आणि कुकडीचं पाणी घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात कसं? उत्तर लगेच सांगू नका. सोबत नकाशा ठेवा आणि त्यांना बोटाने दोन्ही वाटा काढू द्या.