मैत्रिणीची कथा छापून आली आणि पोटात दुखलं, तर

दिवाळी अंक हातात येतो, अनुक्रमणिकेत ओळखीचं नाव दिसतं आणि पोटात कळ उठते. आपली कथा त्याच संपादकांकडून ‘साभार परत’ आलेली असते. माझं दोन-तीन दिवाळ्या असं झालं. तेव्हापासून मी एक करते.

अप्पा बळवंत चौकात जाऊन तो अंक विकत घेते. कुणाकडून मागून आणत नाही. पेन्सिल घेऊन कथा दोनदा वाचते. दुसऱ्या वाचनात जिथे ‘हे मला का नाही सुचलं?’ असं वाटतं, तिथे समासात रेघ ओढते. मग तो परिच्छेद वहीत हातानं उतरवून काढते. गेल्या वर्षी अशी रेघ एका स्वयंपाकघराच्या प्रसंगापाशी पडली. उतरवताना कळलं, तिच्या माणसांच्या हाताला सतत काही ना काही काम असतं. कुणी लसूण सोलतंय, कुणी डबा घासतंय. माझी माणसं नुसती बोलत बसतात! मला हेवा वाटत होता तो या कसबाचा, आणि ते शिकता येतं.

त्याच संध्याकाळी तिला फोन करा. ‘छान झालीय’ एवढ्यावर थांबू नका. लसणाचा प्रसंग आवडला, असं नेमकं सांगा. सुरुवातीला जीभ जड होते, पहिल्या वाक्यानंतर सुटते.

आणि कॅलेंडरवर मे महिन्यात खूण करून ठेवा. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच जमायला लागतो, म्हणून परत आलेली कथा मी मेअखेर पुन्हा लिहून काढते.