नवा सेन्सर आणण्याआधी प्लग काढून बघा

स्कॅनरवर कूलंट टेम्परेचर सेन्सरचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) बिघाडाचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. कोड अख्ख्या सर्किटकडे बोट दाखवतो. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा वायरिंगचा प्लग काढा. स्कॅनरवर तापमान उणे ४० अंशांच्या आसपास घसरायला हवं. आता हार्नेसच्या, म्हणजे वायरिंगच्या बाजूच्या प्लगमधल्या दोन्ही पिना बारीक वायरने जोडा, पिना फाकवू नका. आकडा एकदम वर उडाला, तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठीक, संशय सेन्सरवर. काही ईसीयू बिघाड दिसताच पर्यायी आकडा दाखवतात, म्हणून प्लग उघडा असताना मीटरवर ५ व्होल्ट येतात का तेही बघाच. तीन वायरींच्या सेन्सरवर हे जोडणं कटाक्षाने टाळा, ५ व्होल्टचा पुरवठाच शॉर्ट होऊ शकतो.