बायको परदेशातून फोंड्यात आली, तर आधी काय काय करायचं

माझी बायको पोलंडची. लग्नाला पाच वर्षं झाली, आम्ही गोव्यात फोंड्याला आईबाबांसोबतच राहतो. ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारत असतं की काय काय करावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

कागद सगळ्यात आधी. लोक हॉल, कॅटरर, साड्या यांच्या मागे लागतात आणि कागद शेवटी ठेवतात, तसं करू नका. गोव्यात लग्न म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद, धर्म कुठलाही असो, आधी पहिली सही, मधे काही दिवस जातात, मग दुसरी सही, आणि ती दुसरी राहिली तर देवळात कितीही अक्षता पडू देत, कायद्याने लग्न झालेलं नसतं. तिच्याकडून जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो, त्यावर तिकडूनच अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून तिथलं सरकार देतं तो, शिक्का मारून आणा आणि इंग्रजी भाषांतर करून घ्या. नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं, अक्षर न् अक्षर. आमच्या दाखल्यावर तिच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं, गडबडीत मी वाचलंच नाही, आणि ते दुरुस्त होईपर्यंत चार महिने गेले, पुढचा प्रत्येक अर्ज त्या एका अक्षरावर अडकून राहिला. त्या चार महिन्यांत ती रोज संध्याकाळी विचारायची, आज काही कळलं का, आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं.

अजून एक, आधी करार केलेला नसेल तर इथे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडाप्रमाणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, निम्मी निम्मी. वेगळं काही हवं असेल तर करार लग्नाआधीच करायचा, नंतर बदलता येत नाही. हे तिला वकिलाकडून, तिला समजेल अशा भाषेत ऐकू द्या, तुमच्या तोंडून नको.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर आल्यावर १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसकडे, नोंदणी करायची, ऑनलाइन होते. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम राहता यावं म्हणून मिळणाऱ्या कार्डासाठी, लग्नाची नोंद होऊन सलग २ वर्षं व्हावी लागतात, त्यानंतर अर्ज. तोपर्यंत व्हिसाच्या अटी नीट वाचल्याशिवाय तिने कुठे नोकरी धरू नये. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट हवा तर तिकडचा सोडावा लागतो, त्यासाठी तिच्या मागे लागू नका.

आता घर. ती तिचं सगळं गाव मागे टाकून आलीय, तुम्ही फक्त खोलीतलं कपाट अर्धं रिकामं केलंय, हे विसरायचं नाही. "होईल हळूहळू अॅडजस्ट" असं म्हणून गप्प बसणं मला पटत नाही, निम्मं काम आपलं आहे.

भाषेचं म्हणाल तर आमच्याकडे बोलायला कोंकणी आणि वाचायला मराठी, पेपर मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. मी आधी पुस्तक आणून मराठी सुरू केलं ती माझी चूक, कारण आजी, शेजारीण, मासळीवाली सगळ्या कोंकणीत बोलतात आणि ती नुसती हसत बसायची. आधी कोंकणी, कानाने. पहिल्या महिन्यात आई बाजारात जाताना दारातून "येतां गो" म्हणाली, तर ही बिचारी चहा गाळून आईची वाट बघत बसली, येते म्हणाली ना! आपण जाताना "जातो" म्हणत नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. असलं सगळं आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे रात्री अर्धा तास बसून आज काय कळलं नाही ते विचारा.

आणि तिला तिचं स्वतःचं एक काम द्या, मदत म्हणून नव्हे, पूर्ण तिचं. आमच्याकडे पोदेराचं, म्हणजे पाववाल्याकडून पाव घ्यायचं, काम तिचं आहे. सकाळी सायकलचा पोंपों ऐकू आला की कापडी पिशवी घेऊन तीच गेटवर जाते, उंडे (गोल पाव) किती, पोळ्या (कोंड्याचे पाव) किती ते तीच ठरवते, पैसे तीच देते, आता तो पोदेर तिच्यासाठी कडक भाजलेले बाजूला काढून ठेवतो. ज्या दिवशी आईने तिला विचारलं की आज उंडे किती घेऊया, त्या दिवशी ती मला फोनवर दोनदा सांगत होती.

पावसाळ्याची आधीच कल्पना द्या. कपडे वाळत नाहीत, चामड्याला बुरशी येते, लाइट जाते, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद आणि मग श्रावणात घरात मासळीच नाही. मे महिन्यातच तिला पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीला सोबत न्या, सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या का भरून ठेवतो ते तिथेच कळतं.

तिचा सण मात्र तुम्ही करायचा. २४ डिसेंबरला रात्री पोलंडमध्ये मटण-चिकन नसतं, मासे असतात, आणि टेबलावर एक पान जास्तीचं मांडतात, अचानक कोणी आलं तर असावं म्हणून. आम्ही इसवण (सुरमई) तळली. आईला त्या रिकाम्या ताटाचं समजावून सांगायची मी तयारी करत होतो, तिने काही विचारलं नाही, आमच्या ताटांत वाढलं तसंच त्यातही आधी डाव्या बाजूला मीठ वाढलं.