वारीला निघताना फोनची तयारी

आषाढी वारीची पिशवी भरताना ताडपत्री, रेनकोट, गोळ्या, चपलांचा जादा जोड सगळं आठवणीने भरलं जातं. फोन मात्र निघताना चार्जरवरून काढायचा आणि खिशात टाकायचा, एवढीच त्याची तयारी. माझं म्हणणं असं की ही तयारी फोन बंद पडणार हे धरूनच करावी. आळंदी ते पंढरपूर या अडीच आठवड्यांत तो भिजतो, उतरतो, हरवतो, आणि काही नाही झालं तरी लाखोंच्या गर्दीत रेंज दिसत असूनही लागत नाही.

म्हणून पहिलं काम कागदाचं. त्यावर सगळ्यात वर दिंडीचा क्रमांक, तोही पूर्ण. ज्ञानोबांच्या सोहळ्यात पालखीच्या रथापुढच्या दिंड्या वेगळ्या, रथामागच्या वेगळ्या. नुसतं ‘बारा नंबर’ सांगून कुणी सापडत नाही, ‘रथामागे बारा’ असं लिहावं. त्याखाली दिंडीप्रमुखांचा नंबर, सामानाच्या ट्रकवाल्याचा नंबर, घरचे दोन नंबर, रक्तगट, चालू असलेल्या गोळ्यांची नावं. हल्ली पोराचा नंबरसुद्धा पाठ नसतो, हे विसरू नये. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून एक प्रत बंडीच्या आतल्या खिशात, एक पिशवीत आणि एक घरी फ्रिजवर. कागदाची किंमत वाटेत कळते: कुणाचं माणूस चुकलं की पोलीस असोत, सेवेकरी असोत, पहिला प्रश्न ‘दिंडी कुठली?’ हाच.

फोन कुठला न्यावा? साठीपुढच्यांना माझा सल्ला साधा बटणाचा फोन. चार-पाच दिवस चार्जिंग टिकतं आणि चोराला त्यात रस नसतो. फक्त सिम बघून घ्या. जिओला टूजी नाही, त्यामुळे जुन्या टूजी हँडसेटमध्ये जिओचं सिम टाकलं तर फोन नुसता शोभेचा. फोरजी चालणारा बटणाचा फोन लागतो. घरी आठवडाभर वापरून मगच न्यावा. वाटेत ‘हिरवं बटण कुठलं’ शिकवायला कुणाला वेळ नसतो.

स्मार्टफोनच न्यायचा असेल तर एक संध्याकाळ काढावी. सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी’ शोधलं की रक्तगट, आजार आणि जवळच्या माणसाचा नंबर भरायची सोय सापडते. ती माहिती लॉक न उघडताही दिसते. चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या फोनवर अनोळखी माणसाला पॅटर्न काढता येणार नाही, तेव्हा हेच उपयोगी पडतं. *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घरच्या कागदावर उतरवून ठेवावा. फोन गेलाच, तर पोलीस तक्रारीच्या प्रतीसह ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करायला हाच आकडा लागतो. सिमलाही पिन लावता येतो. पण कंपनीचा मूळ पिन माहीत असल्याशिवाय अंदाजाने आकडे टाकत बसू नका, तीनदा चुकलं की सिमच अडकतं. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा आणि रोख दोन ठिकाणी विभागून ठेवा.

चार्जिंगसाठी गावोगावी मंडळं बोर्डांच्या लांबच लांब ओळी मांडतात, ट्रकजवळ जनरेटरही असतो. तिथे फोन लावून जेवायला जाऊ नये. पॉवर बँक लावावी, फोन अंगावर ठेवावा. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,०००चा फोन दोनदा भरत नाही, सव्वा-दीडदा भरते, त्या हिशोबाने रहा. चालताना डेटा बंद ठेवावा. दिवे घाटातले फोटो रात्री मुक्कामावरून पाठवले तरी कुणाचं अडत नाही. भिजलेला फोन बंद करून पुसून वाळवावा, ओला असताना चार्जिंगला लावू नये; तांदळात पुरून काही होत नाही, तांदूळ मात्र वाया.

घरच्यांशी वेळ आधी ठरवा. रात्री मुक्कामावर सगळा तळ एकदम फोन लावतो, तेव्हा दुपारच्या विसाव्याची वेळ बरी. कॉल लागला नाही तर एसएमएस टाकावा, थोडीशी वाट मिळाली तरी तो जातो. एक दिवस फोन आला नाही म्हणून घरच्यांनी घाबरायचं नाही. दुसरी दुपारही गेली तर दिंडीप्रमुखांना विचारायचं. आणि ‘तुमच्या वडिलांना अपघात झालाय, पैसे पाठवा’ असा फोन आला तर विचारायला घरच्याच माणसाला ठाऊक असेल असा एक प्रश्न ठरवून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

जिवावरचा प्रसंग आला तर १०८ वर रुग्णवाहिका, किंवा सगळ्यासाठी ११२. ११२ लॉक स्क्रीनवरूनही लागतो, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. अवघड जातं ते ठिकाण सांगणं. ‘आम्ही वारीत आहोत’ याने गाडी पोचत नाही. मागचं गाव, पुढचं गाव, जवळचा किलोमीटरचा दगड, दिंडी क्रमांक, या क्रमाने सांगावं. कुणीतरी पताका घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहावं.

फोन कुठे पडून हरवला तर मुक्कामाच्या समाज आरतीला, म्हणजे तळावरच्या सगळ्यांच्या आरतीला, सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांकडे कळवा. चोपदार दंड उंचावतात, टाळ-मृदंग थांबतात आणि हरवल्या-सापडल्याची नावं वाचली जातात. मोबाइलच्या कितीतरी आधीपासूनची ही सोय आजही चालते. कव्हरच्या आत दिंडी क्रमांकाची चिठ्ठी असेल तर सापडणाऱ्याचंही काम सोपं.

पंढरपुरात चंद्रभागेच्या स्नानाला फोन नेऊ नये, बरोबरच्या एकाने काठावर थांबावं. परतीसाठी एसटी यात्राकाळात गावाबाहेर तात्पुरती स्थानकं उभारते आणि कुठल्या भागाच्या गाड्या कुठून सुटणार ते ठरवून देते. आपलं स्थानक वाखरीच्या, म्हणजे पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या, मुक्कामावरच विचारून घ्या, कागदावर लिहा आणि घरी एसएमएस करा, कारण एकादशीला गावात शिरल्यावर फोन लागण्याची फारशी आशा धरू नये.