स्विचवर लॉगिन लावताना स्वतःच बाहेर अडकू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांत स्विच (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) बऱ्याचदा शॉपफ्लोअरच्या टोकाला, उंच रॅकमध्ये असतो. ऑफिसात बसून लॉगिन बदललं आणि आतच येता येईना, तर शिडी अन् कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) घेऊन तिथवर जावंच लागतं. सिस्को आयओएसवर (सिस्को स्विचची प्रणाली) लॉगिन रेडियसवर, म्हणजे युजर-पासवर्ड तपासणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरवर, नेताना हा क्रम मोडू नका.

आधी कॉन्फिग (स्विचची सेटिंग्ज) सेव्ह करा आणि ‘रीलोड इन १५’ द्या. अडकलात तर १५ मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येईल. तेवढा वेळ नेटवर्क बंद, म्हणून काम साप्ताहिक सुट्टीला.

मग लोकल युजर: ‘युजरनेम’, नाव, ‘प्रिव्हिलेज १५’ (पूर्ण अधिकार), ‘सीक्रेट’ आणि पासवर्ड. ‘सीक्रेट’ऐवजी ‘पासवर्ड’ लिहू नका. त्यातून पासवर्ड एकतर उघडाच राहतो किंवा टाइप ७ या कच्च्या स्वरूपात जातो, आणि तो कुणीही क्षणात उलगडतो. ‘इनेबल सीक्रेट’ही (पूर्ण अधिकाराच्या मोडचा पासवर्ड) आत्ताच द्या. एसएसएचसाठी (एन्क्रिप्टेड रिमोट लॉगिन) होस्टनेम, डोमेन नेम, २०४८ बिटची आरएसए की. ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ व्हीटीवाय (रिमोट लॉगिनच्या लाइनी) ० ते १५ सगळ्यांवर. ५ ते १५ हमखास राहून जातात आणि विनाएन्क्रिप्शनचं टेलनेट उघडं राहू शकतं.

आता ‘एएए न्यू-मॉडेल’ (लॉगिन व अधिकार तपासायची नवी पद्धत). एंटर दाबताच व्हीटीवाय लाइनी लोकल युजर मागू लागतात. तो नसेल तर बसा बोंबलत. त्यानंतर रेडियस सर्व्हरचा पत्ता, पोर्ट १८१२ व १८१३ आणि शेअर्ड सीक्रेट (स्विच व सर्व्हरचा सामायिक पासवर्ड). पोर्ट लिहूनच द्या, आयओएस स्वतःहून जुने १६४५ व १६४६ धरतं. शेवटी ‘एएए ऑथेंटिकेशन लॉगिन डिफॉल्ट ग्रुप रेडियस लोकल’.

खरी गोम इथे आहे. रेडियसने नकार दिला की विषय संपला, स्विच लोकल युजरकडे वळत नाही. उत्तरच आलं नाही तरच वळतो. लाइट जाऊन आली, स्विच उठला, सर्व्हर अजून उठतोय, अशा वेळी ५ सेकंदांचा टाइमआउट आणि ३ फेरप्रयत्न धरून साधारण २० सेकंद स्क्रीन गप्प राहते. घाईने खिडकी बंद करू नका. सर्व्हर चालू असूनही असंच होत असेल, तर शेअर्ड सीक्रेट तपासा किंवा सर्व्हरवर स्विचचा कुठला आयपी नोंदवलाय ते बघा. स्विचला दोन-तीन व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या भागांवर) आयपी असतील तर ‘आयपी रेडियस सोर्स-इंटरफेस’ ठरवून द्या.

लॉगिन होतंय, पण पूर्ण अधिकाराच्या ‘#’ऐवजी साधंच ‘>’ दिसतंय? ‘एएए ऑथरायझेशन एक्झेक डिफॉल्ट ग्रुप रेडियस लोकल’ राहिलंय, किंवा सर्व्हर प्रिव्हिलेज पाठवत नाहीये. कन्सोलवर मात्र हे ऑथरायझेशन एरवी लागतच नाही. तिथे ‘इनेबल सीक्रेट’ उपयोगी पडतं.

पहिलं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा. रेडियस सर्व्हरची केबल काढून लोकल युजरही तपासा. दोन्ही जमलं की ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह.