गुरुत्वीय लहरीमुळे वस्तू किती ताणली जाते, हे कसे काढावे

गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळात उठणारा तरंग, वाटेत येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर परिणाम करते. तो किती होतो, याचा हिशेब शालेय गणिताने करता येतो. मात्र नुसता गुणाकार करून थांबल्यास उत्तर हमखास चुकते, कारण वस्तूचे कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत यावर बरेच काही अवलंबून असते.

१. प्रथम दिशा पाहावी. लहर ज्या दिशेने जात असते त्या दिशेत लांबी बदलत नाही. बदल होतो तो तिला काटकोनात असलेल्या प्रतलात. तेथे एक अक्ष ताणला जात असताना त्याला काटकोनात असलेला दुसरा अक्ष आखडतो आणि अर्ध्या आवर्तनानंतर नेमके उलटे घडते.

२. लहरीची तीव्रता घ्यावी, म्हणजे एक अक्ष ताणला व दुसरा आखडला की दोघांच्या लांबीत पडणारा फरक मूळ लांबीच्या किती पट आहे ते पाहावे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या प्रकल्पाच्या अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील उपकरणांनी प्रथमच टिपलेल्या लहरीची कमाल तीव्रता सुमारे १० चा उणे २१ वा घात एवढी होती.

३. तीव्रतेला लांबीने गुणून दोनाने भागावे. अवकाशात एकमेकांपासून २ मीटरवर मोकळ्या तरंगणाऱ्या दोन गोळ्यांमधील अंतर या लहरीने फार तर प्रोटॉनच्या व्यासाच्या सतरा लाखाव्या भागाएवढे बदलेल. मात्र वस्तू लहरीच्या तरंगलांबीपेक्षा बरीच लहान असेल तरच हे सूत्र वापरावे. १०० हर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे ३,००० किलोमीटर असते. म्हणून संपूर्ण पृथ्वीला हे सूत्र जसेच्या तसे लावू नये.

४. वस्तू घन असल्यास तिची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे ती आपणहून सेकंदाला किती वेळा कंप पावते ती संख्या, काढावी. येथेच खरी मेख आहे. पोलादी सळईत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर असतो. त्याला लांबीच्या दुपटीने भागले की एक मीटर सळईची कंपनसंख्या २,५०० हर्ट्झच्या आसपास येते. लहर १०० हर्ट्झची असेल, तर अणूंमधील विद्युतचुंबकीय बंध सळईला जवळपास मूळ लांबीवरच धरून ठेवतात आणि ताण मोकळ्या गोळ्यांच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी होतो. दोन्ही कंपनसंख्या जुळल्या तर मात्र सळई हळूहळू थरथरू लागते. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ वेबर यांनी १९६०च्या दशकात लहरी टिपण्यासाठी ॲल्युमिनियमचे जड दंडगोल टांगले ते याच तत्त्वावर. (लहरी टिपल्याचे त्यांचे दावे पुढे इतर प्रयोगांत टिकले नाहीत, पण तत्त्व बरोबर होते.)

५. घर्षण असेल तर उष्णतेचाही विचार करावा. दांड्यावर सैल बसवलेले मणी लहरीमुळे मागेपुढे सरकतील, पण दांडा तेवढा ताणला जाणार नाही. मग मणी दांड्यावर घासून उष्णता निर्माण होईल, असा युक्तिवाद भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५७ साली अमेरिकेतील चॅपेल हिल येथील परिषदेत मांडला. लहरी खरोखर ऊर्जा वाहून नेतात, हे त्यातून पटते. प्रत्यक्षात पदार्थ त्यातील अत्यल्प ऊर्जा शोषतो आणि उरलेली लहर आरपार निघून जाते.

६. शेवटी अंतर बदलून पाहावे. तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २०१५च्या लहरीचा उगम सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर होता आणि ती ज्यातून निघाली त्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणात सुमारे तीन सूर्यांच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पडली. तीच घटना आपल्यापासून सूर्याइतक्या अंतरावर घडली असती, तर त्या दोन गोळ्यांमधील अंतर सुमारे ८० नॅनोमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाने, बदलले असते.