बागेतील गवत कापताना स्लॅशरची उंची कशी ठरवावी आणि कशी राखावी

द्राक्ष किंवा डाळिंबाच्या दोन ओळींमधले गवत कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरायचे असेल, तर जमिनीपासून 8 ते 10 सेंटिमीटरचे खुंट शिल्लक राहतील अशा बेताने स्लॅशरने, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेल्या फिरत्या पात्यांच्या अवजाराने, कापणी करावी. त्याखाली गेल्यास पाते मातीला लागते, बोथट होते, दगड उडवते आणि बोदाच्या कडेची ठिबकची नळीही पात्यात सापडते. ही उंची एकदा ठरवणे अवघड नाही, पण ती शेवटच्या ओळीपर्यंत टिकवणे मात्र अवघड आहे. ते काम ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) लिफ्टच्या भरवशावर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिफ्ट अवजार उचलण्यासाठी आहे. कापणीची उंची स्लॅशरच्या मागच्या चाकाने आणि पुढच्या बाजूच्या साखळ्यांनी किंवा लिफ्टच्या लिव्हरला ठरलेल्या जागी अडवणाऱ्या रोधकाने धरून ठेवावी.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लिफ्टचा पोझिशन कंट्रोल अवजाराची उंची ट्रॅक्टरच्या संदर्भात कायम ठेवतो, जमिनीच्या संदर्भात नव्हे. समजा, ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर दीड मीटर आहे आणि स्लॅशरचा मध्य मागच्या आसापासून तितकाच मागे आहे. अशा वेळी पुढची चाके 10 सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली, की ट्रॅक्टर मागच्या आसावर कलतो आणि केवळ लिफ्टवर तोललेला स्लॅशर जवळजवळ 10 सेंटिमीटर खाली बसतो, म्हणजे पाते थेट मातीत जाते. स्लॅशरचे मागचे चाक जमिनीवर टेकलेले असेल आणि टॉप लिंकला (ट्रॅक्टर व अवजार जोडणाऱ्या वरच्या दांड्याला) थोडी मोकळीक असेल, तर अवजाराची मागची बाजू ट्रॅक्टरच्या हेलकाव्यापासून बरीचशी सुटते. ड्राफ्ट कंट्रोल तर नांगरासारख्या ओढाच्या अवजारांसाठी असतो. ओढ कमी-जास्त झाली की तो अवजार खाली-वर करतो, म्हणून कापणीत त्याचा उपयोग करू नये.

जुळवणी सपाट सिमेंटच्या ओट्यावर करावी. आधी ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या टायरांतील हवा सारखी करून घ्यावी, कारण एका टायरात हवा कमी असली तरी अवजार त्या बाजूला कलते. पीटीओ (इंजिनची शक्ती अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) बंद करून, इंजिन थांबवून, किल्ली काढून आणि पाती पूर्ण स्थिर झाल्यावरच जवळ जावे. अवजाराखाली भक्कम लाकडी ठोकळे ठेवल्याशिवाय हात आत घालू नये, कारण फक्त तेलावर उचललेल्या वजनाखाली काम करणे जिवावर बेतू शकते. मग पात्याचे टोक हाताने फिरवून डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे आणावे आणि प्रत्येक ठिकाणी पट्टीने जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. डाव्या-उजव्या मापात फरक असेल, तर उजव्या लिफ्ट रॉडची (खालचा आर्म उचलणाऱ्या दांड्याची) लांबी कमी-जास्त करून तो घालवावा. बहुतेक ट्रॅक्टरांत त्यासाठी हँडल दिलेले असते.

पुढचे टोक मागच्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर खाली ठेवावे. त्यामुळे गवत पुढेच एकदा कापले जाते आणि मागे येणारे पाते त्याच खुंटांवर पुन्हा घासत नाही. इंजिनवरचा भारही कमी राहतो. मागची उंची चाकाच्या कंसातील भोकांनी ठरवावी, पुढची ट्रॅक्टरच्या खालच्या आर्मनी (अवजार धरणाऱ्या खालच्या दोन दांड्यांनी). स्लॅशरच्या वरच्या जोडणीत लांबट खाच असल्यास सपाट जमिनीवर टॉप लिंकची पिन तिच्या साधारण मध्यावर यावी. पिन एका टोकाला टेकलेली राहिली, तर चाक खड्ड्यात उतरू पाहील, पण टॉप लिंक त्याला वर अडकवून ठेवेल. स्लॅशरच्या बाजूच्या स्किडवर (जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्यांवर) सतत वजन देऊ नये. त्या फक्त उंचवट्यावर आधारासाठी असतात.

ओट्यावरचे माप शेतात तसेच राहत नाही, कारण चाके मातीत थोडी रुततात. म्हणून वाफसा आल्यावरच कापणीस जावे, पहिल्या ओळीत थोडे अंतर कापून थांबावे आणि खुंट मोजावेत. इथे एक फसगत नेहमी होते. खुंट उंच आणि चिंधाळलेले दिसले, की चालक स्लॅशर आणखी खाली घेतो. पण अनेकदा दोष उंचीचा नसून बोथट पात्यांचा किंवा पीटीओचे फेरे मिनिटाला 540 च्या खाली गेल्याचा असतो. तेव्हा गवत कापले न जाता वाकते आणि नंतर उभे राहते. आधी पाती आणि फेरे पाहावेत, वेग एक गिअर कमी करावा, मगच उंचीला हात लावावा.

साखळ्या नसतील आणि पुढची बाजू लिव्हरच्या रोधकावर ठेवावी लागत असेल, तर लिफ्ट तेल धरते का ते तपासावे. अवजार उचलून इंजिन बंद करावे, कोणालाही जवळ येऊ न देता अर्धा तास थांबावे आणि बाजूने उंचीतला फरक पाहावा. ते डोळ्यांदेखत खाली बसत असेल, तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. स्लॅशरच्या मागच्या चाकाचा बुश सैल झाला असेल तरी उंची हलते. चाक हाताने आडवे हलवून पाहिले की ते लगेच कळते. प्रत्येक ओळ संपल्यावर वळताना पीटीओ बंद करून स्लॅशर उचलावा आणि पुढच्या ओळीत लिव्हर पुन्हा रोधकापर्यंत पूर्ण खाली टेकवावा.